शेजारच्या सीटवरचा पाय

"चुकलं तरी हरकत नाही, माझा पाय आहे."

गाडी शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मास्तर पहिल्या दिवशी हे एवढं एक वाक्य ऐकवत आणि मग शिकवणी संपेपर्यंत मूग गिळून बसत. त्यांच्या धंद्यातले बाकीचे लोक घसा बसेपर्यंत ओरडायचे, स्टिअरिंग हिसकावून घ्यायचे, चांगल्या जाणत्या बायकांना रडवायचे. मास्तरांच्या गाडीत मात्र डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी शांतता असे. शिकवायच्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला असतो. सायकलवाला आडवा आला, वळणावर कुणी भांबावलं, की मास्तरांचा उजवा पाय हळूच खाली जाई आणि गाडी थांबे. कुणी थांबवली, ते शिकणाऱ्याला कळतही नसे. तो घाम पुसून हसे. मास्तर खिडकीबाहेर बघत राहत.

असं करत त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली. गॅरेजवाल्यांमध्ये एक विनोद होता. मास्तरांच्या हाताखालून गेलेला माणूस ओळखायचा कसा? तर समोर भिंत आली की तो ब्रेक मारत नाही, आधी शेजारी बघतो. हा विनोद मास्तरांच्या कानांवर आला होता. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घरी येऊन त्यांनी बूट काढले आणि बराच वेळ उजव्या पायाचा तळवा चोळत बसले, एवढंच त्यांच्या बायकोला आठवतं.

बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिला ते आवडत नसे, कारण तिने जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात बसून फ्रेममध्ये काचा बसवायची. गाडीही ती उतारवयात शिकली, आणि तीसुद्धा ताईमुळे. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ताईच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जाऊ लागलं, शेवटी स्वतःचं घरही पुसलं गेलं, तेव्हा तिला शहराबाहेरच्या एका वृद्धनिवासात ठेवावं लागलं. तिकडे बस जायची ती सकाळी आणि यायची ती संध्याकाळी. मास्तरीणबाईने नवऱ्याकडूनच धडे घेतले, ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत, त्याच पायाच्या भरवशावर. मग घरची करडी गाडी घेऊन ती दर बुधवारी दुकानातून परस्पर ताईकडे जाऊ लागली. एकटी. ताईला शेजारी बसवून ती आसपासच्या रस्त्यांवरून फिरवून आणायची. ताईची उंची कमी, म्हणून तिच्यासाठी एक जाड उशी गाडीतच ठेवलेली असे. ताई बहिणीला ओळखत नव्हती. ती तिला ड्रायव्हरबाई म्हणायची आणि उतरताना सांगायची, "चांगली चालवतेस हो. पुढच्या वेळी तुलाच पाठवायला सांगते."

मास्तर आणि बायको एकत्र निघाले की गाडी मास्तर चालवत. ठरवून नाही, पण तसंच होत आलं होतं. म्हणजे परवाना मिळाल्यापासून तिच्या हाती चाक आणि मास्तर शेजारी, असं कधी झालंच नव्हतं. ते झालं मास्तरांची दाढ काढली त्या दिवशी. दातांच्या डॉक्टरने तोंडात कापूस कोंबून सांगितलं की आज गाडीला हात लावायचा नाही. ती चालवायला बसली. लाकडाच्या वखारीपाशी एक ट्रक फाटकातून उलटा रस्त्यावर येत होता. सावकाश येत होता, दोघांनाही दिसला होता. मास्तरांचा उजवा पाय खाली गेला. घरच्या गाडीत त्या जागी ब्रेक नव्हता, नुसती चटई होती. ट्रकमधून बाहेर आलेल्या ओंडक्यांखाली करड्या गाडीचं नाक घुसलं.

बाईला पट्ट्याचा वळ उठला आणि खांदा काळानिळा झाला, त्यापलीकडे काही नाही. मास्तरांच्या उजव्या पावलाचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरला नवल वाटलं. धडक बसली ड्रायव्हरच्या बाजूला, मग शेजारी नुसत्या बसलेल्या माणसाचं पाऊल कसं मोडलं? मास्तर छताकडे बघत राहिले. शेवटी बायकोनेच सांगितलं, "ते ब्रेक मारत होते."

ही गोष्ट शहरात पसरायला वेळ लागला नाही. भेटायला आलेल्यांनी मास्तरांसमोर एक पळवाटही आणून ठेवली: तोंडात कापूस होता, माणूस ओरडणार कसा? मास्तरांनी ती उचलली नाही. त्यांनी प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवला होता आणि ते त्याच्याकडे असे बघत होते, जणू कुणी परका माणूस घरात येऊन बसला आहे आणि त्याला जा म्हणायचं कुणी, हा प्रश्न आहे.

करडी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजमागे ओढून नेली होती. विमा कंपनीचा माणूस आला, त्याने बॉनेटच्या जागी जे काही उरलं होतं ते वाकून पाहिलं, खाली आडवा होऊन सांगाडा पाहिला आणि उठून कपडे झटकत म्हणाला की सांगाडाच वाकलाय, दुरुस्तीला अर्थ नाही, गाडी टोटल लॉस. मास्तर कुबड्यांवर उभे होते. बायको आतल्या वस्तू काढून घेत होती. काचांचा चुरा सीटवर साखरेसारखा पसरला होता. ताईचा कंगवा सापडला, पुसायचं फडकं सापडलं, मागे पडलेली उशी सापडली. मिस्त्री मदतीला म्हणून शेजारच्या बाजूने आत वाकला आणि तसाच थांबला. तिथली चटई एका जागी गोळा होऊन फाटली होती, आणि तिच्याखाली पत्र्याला खोलगा पडला होता, बुटाच्या टाचेएवढा.

"मास्तर," मिस्त्री म्हणाला, "गाडी थांबवत होतात की खाली उतरायला भोक पाडत होतात?"

मिस्त्री मनाचा वाईट नव्हता. बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मास्तरांनी बायकोच्या हातातून उशी घेतली, तिच्यावरचा काचेचा चुरा झटकला, काखेत धरली आणि कुबड्या टेकत रिक्षाकडे निघाले. उशी त्यांनी घरी आणून कपाटात ठेवली नाही. ती त्यांच्या खुर्चीत राहिली, आणि पुढे ते गाडी बघायला बाहेर पडू लागले तेव्हा एका पिशवीत घालून बरोबरही नेऊ लागले. बायकोने विचारलं तर म्हणाले, "ताई बसायला हवी ना नीट. उंची बघून घ्यायला नको?"

बुधवार येत होते आणि जात होते. निवासातल्या आयाने फोनवर सांगितलं की ताई दुपारी पर्स घेऊन फाटकापाशी बसते, जेवायलाही उठत नाही. ड्रायव्हरबाई आली नाही, तिला कामावरून काढलं का, असं विचारते. मास्तरीणबाईला हसू आलं, आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. बसने ती एकदा जाऊन आली. ताईने तिला ओळखलं नाही, हे नेहमीचंच होतं. पण गाडीशिवाय आलेल्या या बाईशी काय बोलायचं, तेही ताईला कळेना. ताईच्या जगात बहीण केव्हाच मेली होती. ड्रायव्हरबाई तेवढी उरली होती, आणि आता तीही दिसेनाशी होत होती.

प्लास्टर निघालं, पाऊल पट्टीत आलं. मास्तर जुन्या गाड्या बघू लागले. शहरातला जुन्या गाड्यांचा दलाल 'एकच मालक' या नावाने प्रसिद्ध होता, कारण प्रत्येक गाडीबद्दल तो तेच सांगे: एकच मालक, तोही म्हातारा, तोही घराबाहेर न पडणारा. त्याच्या आवारात एवढे घरकोंबडे म्हातारे विकायला होते की मास्तरीणबाईला एकदा विचारावंसं वाटलं, मग या गाड्या झिजवल्या कुणी? तिला पहिल्याच दिवशी एक पांढरी गाडी आवडली. दार रुंद, सीट फार खोल नाही, ताईला गुडघा न दुमडता बसता येईल अशी. मास्तरांनी ती नको म्हटली. दुसरी नको म्हटली. तिसरीचं इंजिन ऐकून त्यांचे डोळे जरा मिटले, तिला वाटलं जमलं, पण त्यांनी शेजारचं दार उघडलं, खाली वाकून हाताने पुढची जागा चाचपली आणि मान हलवली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. इंजिन, टायर, गंज हे सगळं ते बघत होते ते वरवर. प्रत्येक गाडीत ते त्याच जागी हात घालत होते, शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत.

घरी आल्यावर तिने त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि बसली.

"मला एक सांगा, आपण गाडी घेतोय की तुमच्या पायाला जागा घेतोय?"

"मिस्त्री दुसरा ब्रेक बसवून देतो म्हणालाय. जागा पाहिजे तेवढी."

"आणि बुधवारी?"

"मी येत जाईन."

"दर बुधवारी?"

"शाळा बंदच आहे माझी. कुठे जायचंय मला?"

हे त्यांनी कटकट म्हणून नाही, अगदी साध्या आवाजात म्हटलं. एक क्षण तिला सगळं लख्ख दिसलं: ती चालवतेय, शेजारी हे, मागे ताई, आणि ताई मागून विचारतेय की हा पुढे बसलेला माणूस कोण, याला उतरवा.

"अहो, एक बोलू? त्या दिवशी तो ट्रक मला दिसला होता."

त्यांनी कप खाली ठेवला.

"चांगला दिसला होता. एकटी असते तर थांबले असते. दर बुधवारी थांबतेच की, ट्रक काय, म्हशी आडव्या येतात. तुम्ही शेजारी होतात ना. मला वाटलं, थांबेल गाडी."

पट्टीतला पाय टेबलाखाली होता. तिला तो दिसत नव्हता, पण टेबलावरचा चहा हलल्यावर कळलं की तो हलला.

"ओरडायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले.

"कापूस होता तोंडात."

"थुंकता आला असता."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिस्त्रीला पुन्हा फोन केला, तो तिने मोरीतून ऐकला. आवाज हळू होता. ब्रेक, जागा, केव्हा.

त्या बुधवारी पांढरी गाडी अजून आवारातच होती. मास्तरीणबाईने दुकानातून दुपारची सुट्टी घेतली आणि मास्तरांना न विचारता दलालाला सांगितलं की हीच बघायची, चालवून. उशीची पिशवी मांडीवर घेऊन मास्तर शेजारी बसले. मागे दलाल बसला आणि त्याने म्हाताऱ्या मालकाची कहाणी सुरू केली. या वेळच्या म्हाताऱ्याला संधिवात होता.

गाडी हलकी होती. क्लच जरा वर लागत होता, तो तिने दोन गल्ल्यांत समजून घेतला. पहिल्या चौकात सिग्नल पडला. ती थांबायच्या आधीच डाव्या बाजूला चटई करकरली. तिने तिकडे बघितलं नाही. बाजाराच्या रस्त्यावर हातगाडी वळली, पुन्हा तोच आवाज. हाड पुरतं सांधलेलं नव्हतं. दुखलं की मास्तर नाकाने श्वास घेत, तोही तिला ऐकू येत होता. दलाल आता गप्प झाला होता. ती स्वतःला बजावत होती की मी चालवतेय, मी थांबवतेय, मीच. आवाराकडे वळताना पुढची व्हॅन अचानक उभी राहिली. आणि तिच्या पायाने वाट पाहिली. डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ, पण पाहिली. मग तिने दोन्ही पायांनी क्लच-ब्रेक दाबले. गाडी व्हॅनच्या मागे हातभरावर हिसका देऊन थांबली, दलालाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"ब्रेक एक नंबर आहेत," कपाळ चोळत दलाल म्हणाला.

व्हॅन निघून गेली. तिने गाडी आवारात घेतली आणि उभी केली, इंजिन चालूच ठेवून. दलाल कागद आणतो असं पुटपुटत उतरला आणि ऑफिसकडे गेला. ती स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मास्तरांचा उजवा पाय अजून चटईवर रोवलेला होता. पट्टीखाली घोटा सुजून आला होता. मास्तर त्याच्याकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि पाय उचलला, एखादी जड वस्तू उचलावी तसा.

"अहो," ती म्हणाली.

त्यांनी दार उघडलं. आधी काठी बाहेर काढली, मग पाय, मग स्वतः. पिशवीतून उशी काढली, सीटवर ठेवली, एकदा दाबून पाहिली. दार लावलं, नीट लागलं का ते ओढून पाहिलं. तिला वाटलं ते काचेतून काही सांगतील. निदान गेअर, निदान आरसा. त्यांनी आत बघितलंच नाही. विक्रीला उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेमधून, कुठल्याही गाडीला हात न लावता, काठीवर भार देत ते फाटकाकडे गेले आणि फाटकातून बाहेर पडले.