डेटावाले साहेब

सर्व्हेच्या ऑफिसात आकडे विसरायला होतात, किस्से मात्र साचत जातात. बालाघाटातल्या आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कोणी नुसतं "साहेब..." म्हटलं, की हसू सुरू! त्यातही साहेब नागपूरहून 'डेटा'चं ट्रेनिंग घेऊन आले, तेव्हापासून तर काही विचारू नका.

*

आल्याबरोबर साहेबांनी सर्व्हेसाठी सॅम्पल कसं निवडायचं ते शिकवलं. "घरं रँडम पाहिजेत. आपल्या सोयीची नकोत!"

आमचे वामनराव पार जंगलातल्या बैहरकडे गेले आणि जेवणाच्या आत परत आले. निवडलेली सगळी घरं डांबरी रस्त्याला लागून!

"हे रँडम आहे?" साहेब ओरडले.

"हौ ना साहेब! जीप कुठं बंद पडन, हे मले थोडीच माहीत रायते?"

*

मीडियन समजावायला साहेबांनी आम्हाला उंचीप्रमाणे भिंतीशी उभं केलं. "बरोबर मधला, तो मीडियन. म्हणजे आपल्या पटले मॅडम!"

मॅडम भडकल्या. "सकाळपासून एकटी मी काम करून राह्यली, अन् मले मधात टाकता?"

"अहो, हे उंचीचं आहे!"

"मंग कामाचं काढा न!"

साहेबांनी सगळ्यांना खाली बसवलं.

*

उन्हाळ्यात ऑफिसातला एकुलता एक कूलर साहेबांच्या केबिनमध्ये. आम्ही बाहेर भाजून निघालो आणि तक्रार केली. साहेबांनी दोन्ही खोल्यांचं तापमान मोजलं, सरासरी काढली आणि म्हणाले, "ऑफिसचं तापमान अगदी ठीक आहे!"

वामनरावांनी खुर्ची उचलली आणि थेट केबिनमध्ये नेऊन ठेवली.

"हे काय?"

"मी सरासरीत बसून राह्यलो साहेब!"

*

एकदा साहेबांना कोरिलेशन, म्हणजे दोन आकड्यांचं नातं, सापडलं. खैरलांजीकडच्या ज्या गावांत आम्ही जास्त वेळा गेलो, तिथूनच तक्रारी जास्त आल्या होत्या. साहेबांनी निष्कर्ष काढला, "आपण जातो म्हणून तक्रारी होतात. जाणं कमी करा!"

कोरिलेशन आणि कारण वेगवेगळं असतं, हे मला माहीत होतं. पण बाहेर ऊन फार होतं. ठराव एकमताने मंजूर!

*

आणि तो वरून आलेला गुप्त सर्व्हे! 'साहेब कसे आहेत?' पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट. नाव लिहायचं नाही. आम्ही सगळ्यांनी अर्थातच पाच दिले. बदलीची भीती कोणाला नसते?

निकाल आला. सगळे पाच आणि एक 'एक'!

साहेब लाल झाले. एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. पटले मॅडमनी लेकराची शपथ घेतली. माझ्यावर संशय जास्त, कारण मी रजा मागितली होती. "खरं सांग, नाहीतर बदली, सीधा बैहर!" घरी बायकोनं बोचकं बांधायची तयारी केली.

शेवटी साहेबांनी सगळ्यांची मीटिंग घेतली आणि टेबलावर हात आपटला.

"लाज वाटते तुमची! अरे, मी स्वतः सगळ्यात आधी भरला तो सर्व्हे. छातीठोकपणे स्वतःला पहिला नंबर दिला!"

पटले मॅडम छताकडे पाहू लागल्या.

वामनराव हळूच उठले. "साहेब, चहा सांगू काय?"