त्याला हिंदी येत नव्हती

आमच्या कुत्र्याला हिंदी येत नव्हती. तो सापडला झाशीच्या ओरछा गेटच्या आतल्या आमच्याच गल्लीत, एका हातगाडीखाली. म्हणजे त्याचे आईबाप पक्के बुंदेलखंडी. पण वाढला आमच्या घरात, आणि घरात मराठीच बोलायचं हा वडिलांचा दंडक. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी झाशीला आले, वडीलही रेल्वेतच कारकून झाले. मी आणि माझी मोठी बहीण शाळेतून तोंडात हिंदी घेऊन यायचो आणि उंबऱ्यातच बोलणी खायचो. कुत्र्यावर ही पाळी कधी आली नाही. घरातलं सगळ्यात चांगलं मराठी त्यालाच कळतं, असं वडील आल्यागेल्याला सांगायचे आणि सांगताना बघायचे माझ्याकडे.

चौघांनी त्याला चार नावं ठेवली होती आणि तो एकालाही ओ देत नसे. ‘ये’ म्हटलं की यायचा, ‘बस’ म्हटलं की बसायचा. हे दोन शब्द मी त्याला शिकवले होते, आणि त्यांच्यापायी गल्लीत रोज घोटाळा व्हायचा. दूधवाला ‘ये लो बहनजी’ म्हणाला की हा धावत जाऊन त्याच्या पायात. शेजारच्या चाचींकडे जेवायला आलेला पाहुणा ‘बस, बस’ म्हणत पानावर हात आडवा धरायचा, तेव्हा आमचं ध्यान त्यांच्या दारात शहाण्यासारखं बसलेलं असायचं. लोकांचं ‘पुरे’ त्याला ‘बैस’ असं ऐकू यायचं. मुलं मुद्दाम त्याला उठवून पुन्हा बसवायची आणि खिदळायची. मला राग यायचा. पण आतून बरंही वाटायचं, कारण माझं म्हणणं इतक्या तत्परतेने ऐकणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

आमचं कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाबरोबर कुत्रा असतो. त्यामुळे चंपाषष्ठीला आमच्या कुत्र्याचा थाट विचारू नका. चातुर्मासभर बंद असलेलं वांगं त्या दिवशी घरात यायचं. भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य झाला की पहिलं पान त्याचं. वडील सोवळ्यात त्याच्यापुढे पान ठेवायचे, हात जोडायचे आणि त्याचं खाऊन होईपर्यंत आम्हाला पाटावर बसू द्यायचे नाहीत. हा साधा कुत्रा नव्हे, देवाच्या सोबतीचा आहे, असं ते म्हणायचे. मला ते शब्दशः खरं वाटायचं.

मी पाचवीत असताना बहिणीचं लग्न ग्वाल्हेरच्या एका घरात ठरायला आलं. मंडळी बघायला आली, पोहे झाले, सगळं छान चाललं होतं. निघताना मुलाच्या वडिलांनी चपला घालण्यासाठी धोतराचा सोगा सावरला, आणि आमच्या कुत्र्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने तो सोगा दातात धरला. चावला नाही, नुसता धरून ठेवला. मी ‘बस’ म्हटल्याबरोबर सोडून बसलाही. पण ते गृहस्थ पांढरेफटक पडले. चार दिवसांनी निरोप आला की मुलगी पसंत आहे, मात्र कुत्रं असलेल्या घरात आमचं येणंजाणं जमणार नाही.

वडिलांनी मला जवळ बसवलं. एरवी ते मला जवळ बसवत नसत. म्हणाले, “समथरला माझ्या ओळखीचे एक आहेत. मोठं अंगण आहे, गाईम्हशी आहेत. लग्न होईपर्यंत तिथे ठेवू. लग्न झालं की तू आणि मी जाऊन घेऊन येऊ.”

मी विचारलं, “नक्की ना?”

“नक्की. खंडोबाची शपथ.”

एका ठेकेदाराची जीप मिळाली होती. ती गल्लीत येईना, म्हणून गेटाबाहेर उभी होती. वडिलांनी कुत्र्याला चढवायचा प्रयत्न केला, तर तो चारी पाय रोवून राहिला. ड्रायव्हरने ‘चल बेटा, चढ़ जा’ वगैरे करून पाहिलं. शेवटी वडील मला म्हणाले, “तू बोलाव. तुझं ऐकेल.” मी जीपमध्ये चढले, मागच्या बाकाजवळ उभी राहिले आणि म्हटलं, “ये.” तो एका उडीत आत आला. मग मी “बस” म्हटलं आणि तो बसला. मी उतरले तेव्हा तो उठायला लागला, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. वडील पुढे बसले आणि जीप गेली.

वडील संध्याकाळी परतले. पोचवून आलो, म्हणाले. त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी समथरची खबर असे. त्याला तिथे रोज ताक मिळतं. अंगाने भरलाय. वासरांशी खेळतो. मी ते शाळेत मैत्रिणींना सांगायची. वैशाखात लग्न झालं, बहीण ग्वाल्हेरला गेली, मी समथरला जायला तयार झाले. आधी ऊन फार होतं. मग पावसाने रस्ता खराब होता. मग वडिलांना रजा नव्हती. पुढे पुढे ते म्हणू लागले की आता तो तिथे रमलाय, त्याला कशाला हलवायचं? मी म्हटलं, निदान चंपाषष्ठीला तरी आणू या, पान कोणाला वाढणार? त्यावर ते ‘बघू’ म्हणाले. त्या ‘बघू’वर मी दोन महिने काढले.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आई आणि मी वांगी आणायला सीपरी बाजारात गेलो. तिथे भाजीच्या ठेल्यापाशी तो जीपचा ड्रायव्हर भेटला. मला ओळखून हसला. माणूस भला होता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. घरात मला काय सांगितलंय, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

“बिटिया, तुमाओ कुत्ता तौ बड़ो समझदार हतो,” तो म्हणाला. “चिरगाँव के आगे पुलिया पे उतारो, सो गाड़ी के पाछें खूब दौरो। हमने हाथ दिखा के कई, बस, बस, अब बस! सो उतईं सड़क पे बैठ गओ। ऐसो कुत्ता हमने नईं देखो।”

मी विचारलं, “समथर में?”

“समथर कौन गओ?” तो म्हणाला. “पुलिया सेई लौट आए।”

मी आईकडे पाहिलं. ती वांगी निवडत होती. एक वांगं उचलून ती देठापाशी बघत राहिली, मग ठेवून दुसरं उचललं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चल, उशीर होतोय.” म्हणजे तिलाही माहीत होतं. बहिणीलाही असणार. ताक, वासरं, अंगण, सगळं घर मिळून माझ्यापुरतं रचत होतं, आणि मी त्यावर पोट भरत होते.

परतताना रडू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढून फक्त चिरगावपुढच्या पुलावरचा तो रस्ता हलत नव्हता, जिथे त्याला सोडून जीप परत फिरली होती. पुरे झालं, आता मागे येऊ नकोस, असं ड्रायव्हर धावत्या जीपमधून ओरडला होता. कुत्र्याने मात्र ऐकलं होतं की बैस. आणि ‘बस’ म्हटल्यावर पुन्हा ‘ये’ म्हणेपर्यंत उठायचं नाही, हे मी त्याला खडसावून शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला. वडील सोवळ्यात, हातात पान घेऊन दारात उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन भटकी कुत्री होती. मला म्हणाले, “बोलाव त्यातलं एखादं.”

मी म्हटलं, “तुम्ही त्याला पुलावर सोडलंत.”

मला वाटलं, आता पुन्हा समथर येईल, नाहीतर थप्पड बसेल. थप्पड बसली असती तर चाललं असतं. मी पुढे म्हटलं, “खंडोबाची शपथ घेतली होतीत.”

“बहिणीचं लग्न मोडायला हवं होतं तुला?”

“मला खरं सांगायचं होतंत.”

वडिलांनी पान उंबऱ्यावर ठेवलं. मग ते अगदी हळू, जणू मला समजावत असल्यासारखे म्हणाले, “खरं सांगितलं असतं, तर तू त्याला बोलावलं असतंस का? माझ्या बोलावण्याने तो चढला नाही. तू ‘ये’ म्हणालीस म्हणून चढला.”

आठ महिन्यांत त्या कुत्र्याबद्दल ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. वडिलांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. समथरचं खोटं मी त्यांना केव्हाच माफ केलं. हे वाक्य मला अजून माफ करता आलेलं नाही.