बोरन्हाणातली काळी पेनी

...तर वीरला पाटावर बसवला, अंगावर हलव्याचे दागिने, आणि त्याच्या आईने, विनीताने, डोक्यावर पहिली वाटी ओतली, इथवर काल सांगून झालं होतं. आता इथे अमेरिकेत, सांता क्लारात, जानेवारीत बोरं कुठली? चुरमुरे, गोळ्या, लालचुटूक क्रॅनबेऱ्या, आणि वर बरणीभर पेन्या, म्हणजे इथली एका सेंटची तांबडी नाणी! पोरं तुटून पडली. आमची नात रुही सगळ्यांच्या पुढे.

वीरचा बाप गुरुनाथ, आमचा शेजारी. मूळचा नागपूरचा. दिवसभर कॉम्प्युटर, आणि वेड कसलं, तर जुन्या अमेरिकन नाण्यांचं. बँकेतून पेन्यांच्या गुंडाळ्या आणायच्या, बरणीत ओतायच्या आणि रविवारी भिंग घेऊन एकेक उलटीपालटी करायची. मी विचारलं, "अरे, सापडतं काय त्यात?" तर म्हणे, "बहुतेक काहीच नाही, काका. म्हणून तर मजा."

त्याच्या अल्बममध्ये दर सालासाठी एक गोल खाच. पिसांचा मुकुट घातलेल्या बाईच्या पेन्यांचं पान जवळजवळ भरलेलं, रिकामं एकच साल, १८७७. मी सातवी शिकलेला माणूस, पण ते साल मलाही पाठ झालं, इतक्यांदा ऐकवलंन त्याने.

आणि विनीताने नेमकी न तपासलेली बरणी उचलली होती! रुहीच्या मुठीत एक काळपट पेनी दिसली आणि गुरुनाथचा चेहराच पालटला. गुडघ्यावर बसला, तिच्यावरचं साल वाचलं, १८७७, आणि खिशातून डॉलरचं कोरं, पिवळंधमक नाणं काढलं.

"रुही, हे बघ कसं चमकतं! ते काळं मला दे, हे तू घे."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पेनी दिली, आणि वर गळ्यात हात टाकून म्हणाली, "थँक यू, गुरुकाका!"

पुढच्या रविवारी पार्कातल्या बाकावर मी त्याला छेडलं, "काय रे, पान भरलं, पेढे कुठायत?"

"बसवलीच नाही अजून. मी फसवलं हो तिला, काका."

मला हसूच आलं. "वेडा की खुळा? बरणी तुझी, पेनी तुझी!"

"वीरच्या डोक्यावरून खाली पडली, तेव्हा माझी राहिली नाही. उचलेल त्याची, हे आपलंच ना?"

ते मात्र खरं. आमच्या गावात बोरन्हाणात उचललेला उसाचा करवा पोराकडून बापसुद्धा मागत नसे. आमचा धाकटा भाऊ जगन्नाथ तर तो करवा घेऊन चिंचेवर चढून बसला होता, जेवायलासुद्धा उतरेना. असो.

संध्याकाळी गुरुनाथ आमच्या दारात. रुहीसमोर बसून सगळं कबूल केलं, की ही फार दुर्मिळ आहे, तुला मी सांगितलं नाही, सॉरी. पेनी तिच्या तळहातावर ठेवली.

"मला ही फेदरवाली लेडी आवडली होती," रुही म्हणाली. "पण तुम्ही रडणार होता ना? सो आय गेव्ह इट." डॉलर परत द्यायला धावली, तो त्याने घेतला नाही. मग पुन्हा गळ्यात पडली, "थँक यू, गुरुकाका!"

फाटकापर्यंत पोचवायला गेलो. पाठीवर थाप मारून म्हटलं, "झालं ना आता मन हलकं?"

"नाही हो, काका. पेनी परत देता आली. तिचं ते पहिलं थँक यू कसं परत देऊ?"