ताटावरचा हात

मथुराक्कांनी मल्लेश्वरममध्ये एकतीस वर्षं खाणावळ चालवली. जेवण कसं झालं, हे त्या कधी विचारत नसत. तोंडदेखलं कौतुक सगळेच करतात. वाढायला गेल्यावर माणसानं ताटावर हात धरून "पुरे" म्हटलं, की त्यांच्या हिशेबी स्वयंपाक जमला.

खाणावळ बंद केल्यावर कोरमंगलातल्या एका चिप्सच्या कंपनीनं त्यांना चव बघायला बोलावलं. पहिल्या वाटीतले सात-आठ चिप्स खाऊन अक्का म्हणाल्या, "झकास आहेत. साकु, पुरे आता." कंपनीतली भव्या नागपूरची, म्हणून कानडी 'साकु'चं त्यांनी लगेच मराठी केलं. भव्यानं कागदावर फुली मारली.

दुसरी वाटी अक्कांनी बोलता बोलता संपवली, तळाचा मसालाही बोटानं पुसून खाल्ला.

"हे पास!" भव्या खूश झाली.

"अगं, पण मन कुठं भरलं?"

"तेच तर हवंय, अक्का. मन भरलं तर दुसरं पाकीट कोण फोडेल?"

अक्कांनी रिकामी वाटी बाजूला सारली. मग बोट पदराला पुसून म्हणाल्या, "माझ्या आचाऱ्यानं माणसं ताटावरून अशी मन न भरता उठवली असती, तर त्याच दिवशी त्याला हाकललं असतं."