तापवलं की मेलं

“तापवलं की मेलं,” असं म्हणून तो फेसाने भरलेला ग्लास समोरच्याच्या हातात कोंबायचा. द्यायचा नाही, कोंबायचा. मग कमरेवर हात ठेवून बघत उभा राहायचा, आणि पिणाऱ्याच्या मिशीला फेस लागला की मान हलवायचा, जणू त्या माणसाचा जन्म आत्ताच झाला.

तोंडावर मी त्याला मालक म्हणायचे. इथे कागदावर तो म्हणते, कारण आता रागवायला तो नाही.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर दुधाचा कट्टा तुम्हाला सांगायला नको. नसाल तर एवढंच सांगते, की आमच्याकडे संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात, गिऱ्हाईक येईल तशी समोर धार काढतात, आणि ते कोमट, कच्चं दूध लोक उभ्या उभ्या पितात. तालमीतले पैलवान पितात, पेन्शनर पितात, पन्हाळा बघून आलेले पाहुणे फोटो काढत पितात. आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर त्याच्या म्हशी असायच्या, आणि मी त्याच्या गोठ्यात शेण काढायला होते. माझी शाळा चौथीपर्यंत. बोलणं मुळातच कमी. म्हणून त्याने माझं नाव मुकी ठेवलं होतं. “ए मुके, शेण काढलंस का मनातल्या मनातच काढलंस?” असला त्याचा विनोद. त्यावर हसायचाही तोच.

त्याला जगातलं सगळं ठाऊक होतं. पिशवीतलं दूध म्हणजे धुणं धुतलेलं पाणी. डॉक्टर म्हणजे दुकानदार. चष्मा म्हणजे लहानपणी कच्चं दूध न प्यायल्याची शिक्षा. एकदा बाहेरगावच्या एका बाईने भीत भीत विचारलं, “काका, उकळून मिळेल का?” तर हा म्हणाला, “पावणं, तुमास्नी दूध पायजे का दुधाचं मढं?” ती बिचारी ओशाळून तशीच प्यायली. पुढे आठवडाभर तो हे ज्याला त्याला सांगत फिरला.

आणि घरात काय? घरात वैनी, म्हणजे त्याची बायको, दूध दोनदा तापवायच्या, आणि हा त्याच दुधाचा चहा कपावर कप प्यायचा. कच्चं दूध पिताना मी त्याला कधी पाहिलं नाही. एकदा धीर करून वैनींना विचारलं, तर त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, “त्यास्नी पचत न्हाई की.”

म्हशी बऱ्याच होत्या, पण त्याच्या लेखी म्हैस एकच, हरणी. ती काळी कुळकुळीत, शिंगं मागे वळून मानेला टेकलेली, आणि नाव हरणी. वैनींच्या पायात साधी साखळी नव्हती, पण हरणीसाठी तो हुपरीला जाऊन चांदीचे तोडे घडवून घेऊन आला. सोनाराने म्हणे विचारलं, माप कुणाच्या पायाचं? याने खिशातून दावं काढून दाखवलं. हेही तो मोठ्या अभिमानाने सांगायचा, वैनींच्या समोर.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढे, म्हैस मागे. त्याने गाडीचा सायलेन्सर काढून ठेवलेला. तो आवाज ऐकला की हरणी कितीही गर्दीत असो, एकाही माणसाला शिंग न लावता वाट काढत त्याच्या मागे धावायची. धावताना तो गाडीवरून मागे वळून बघायचा. त्या वेळी त्याच्या तोंडावर जे असायचं, ते दुसऱ्या कुणासाठी मी कधी बघितलं नाही. वैनींसाठी तर नाहीच.

त्या साली पाडव्याच्या आधी कट्ट्यावर एक कुत्रं आलं. मोकाट, तोंडातून लाळ गळत होती. कुणाच्या अध्यात नसलेली हरणी खाली मान घालून वैरण खात होती, तिच्या नाकपुडीला ते चावलं आणि निघून गेलं. पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी जखम साबणाने धुतली आणि सांगितलं, “कुत्रं पिसाळलेलं वाटतंय. म्हशीला लस सुरू करू. आणि हिचं दूध कच्चं देऊ नका.”

“सुई टोचली की म्हस आटती, डॉक्टर. आणि पाडवा तोंडावर आलाय.”

“मग पाडवा करा आणि म्हैस घालवा,” ते म्हणाले.

याने मान डोलवली, जसा काही ऐकणारच आहे. ते गेल्यावर नाकपुडीला हळद लावली आणि धार काढायला बसला. चार दिवसांनी खपली धरली तेव्हा मला म्हणाला, “बघितलंस मुके? झाला का न्हाई डॉक्टर खोटा?”

पाडव्याला हरणी पळाली. फेटा, गुलाल, फोटो, सगळं झालं. कट्ट्यावर तिच्या दुधाला रांग लागली, आणि प्रत्येकाच्या हातात ग्लास कोंबत तो तेच म्हणत राहिला, तापवलं की मेलं.

थंडी पडल्यावर हरणीचा आवाज फुटला. घोगरं, फाटकं, सारखं ओरडणं. बादलीत तोंड घालायची, पण पाणी घशाखाली जाईना. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबायची. सकाळी मी गेले तर हा दारातच बसलेला. एरवी थंडीतही बंडीवर असणारा माणूस, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मला म्हणाला, “वैरणीतलं उसाच्या वाड्याचं कांडं अडकलं हुतं घशात. बघितलं. आता न्हाई.” मी शेणाची पाटी घेऊन आत निघाले तर ओरडला, “तू जाऊ नगंस.” मला वाटलं, म्हैस मारकी झाली असेल. बाकी विचारायची मला सवय नव्हती आणि सांगायची त्याला.

पशुवैद्य आले. दारातूनच बघितलं, आत पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी हरणी गेली. याने गल्लीत सांगितलं, पोटफुगीनं गेली. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि परत गोठ्यात आले.

“कट्ट्यावर हिचं दूध कुणीकुणी प्यायलंय, त्यांना सांगायला पाहिजे. मी सांगू?”

तो रिकाम्या गव्हाणीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “नगं. मी सांगतो. म्हस माझी हाय.”

त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर म्हशीशिवाय गेला. मी पाटी घेऊन मागे होते. नेहमीची मंडळी जमलेली. एक निवृत्त मास्तर तिथे रोज पहिला ग्लास घ्यायचे. ते म्हणाले, “काय रे, आज रिकाम्या हातानं?”

“मास्तर, हरणी पिसाळून गेली. ज्यानं ज्यानं तिचं दूध पिलंय, त्यानं उद्या दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची.”

मास्तर म्हणाले, “म्हणजे आता आम्ही भुंकायचं का?”

“ते तुमी आधीपास्नंच भुंकताय की,” हा म्हणाला. पण त्यात रोजचा जोर नव्हता. एक पैलवान पुढे आला आणि त्याने याच्या छातीवर हात लावून याला मागे ढकललं. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेणारा माणूस, तिथे चार पावलं मागे सरला आणि उभा राहिला. लोकांनी काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. त्याने ते सगळं ऐकलं. एवढं एक मला त्याचं चांगलं वाटलं, आणि तेही नंतर.

सकाळी सरकारी दवाखान्यात रांग लागली. डॉक्टरीण तरुण होती, पण शांत. तिने सगळ्यांना एकदाच समजावून सांगितलं. “दुधातून हा रोग कुणाला झाल्याचं मी पाहिलेलं नाही. तापवून प्यायला असता तर इथे यायचीही गरज नव्हती. कच्चं प्यायलाय, म्हणून धोका नको. खरी भीती लाळेची. चावायलाच पाहिजे असं नाही, हाताला ओरखडा असला आणि लाळ लागली तरी पुरतं. म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला होता?”

“कुणी न्हाई,” हा लगेच म्हणाला. “ही मुकी गव्हाण धुती. हिला आधी टोचा.”

“आणि तुम्ही?”

“मी लांबनंच.”

आम्हाला तोवर वाटायचं, कुत्रं चावलं तरच हा रोग होतो. कुत्र्याकडून म्हशीत, म्हशीकडून माणसात, असा तो लाळेतून चालत येतो, हे मला त्या रांगेत कळलं. सुईची मला लहानपणापासून भीती. मनातल्या मनात मी त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. मनातल्या मनात द्यायला मी कमी नाही.

दोन दिवसांनी त्याच्या डाव्या दंडावर चिकटपट्टी दिसली. तेवढीच बाही मुद्दाम वर सारून सगळ्यांना दाखवत होता. “मी खाजगीत घेतली. सरकारी रांगंत हुबा ऱ्हानारा माणूस न्हाई मी.” हे ऐकून कुणालाही शंका आली नाही. इतकं ते त्याला शोभणारं होतं.

पुढे त्याला नवंच वेड लागलं. हा रोग उठला की औषध नाही, पण सुया वेळेवर पुऱ्या केल्या तर उठतच नाही, हे डॉक्टरणीने सांगितलेलं याने डोक्यात घेतलं. ज्या सुयांना जन्मभर नावं ठेवली, त्यांची आठवण करून द्यायला तो घरोघर जायला लागला. लोक तोंडावर दार लावायचे. हा बाहेरून ओरडायचा, “मास्तर, आज तुमची सुई हाय.”

“तुला काय डॉक्टर केलाय का रे?”

“चला, गाडीवर बसा.”

त्याच सायलेन्सर नसलेल्या गाडीवर तो म्हाताऱ्यांना बसवून दवाखान्यात न्यायचा. ज्या पैलवानाने ढकललं होतं, त्यालाही नेलं. ते आत गेले की हा फाटकाशी गाडी लावून बसायचा. मलाही नेलं. मी मागे अंग चोरून बसले होते, तर वाटेत म्हणाला, “मुके, धरून बस. पडलीस तर ओरडणार बी न्हाईस तू.” मी सुई घेऊन बाहेर आले तेव्हा तो फाटकाशी बसून बिस्कीट चहात बुडवत होता. आत जायला तिथून दहा पावलंसुद्धा नव्हती.

सगळ्यांच्या सुया पुऱ्या झाल्या. कुणाला काही झालं नाही. कट्ट्यावर मात्र त्याच्याकडे कुणी फिरकेना.

ऊन तापायला लागलं तेव्हाची गोष्ट. मी पाइपने गोठा धूत होते. तो दारात आला आणि ओरडला, “पाणी बंद कर.” मी मनात म्हटलं, आता पाण्याचाही हिशेब धरतोय. पाइप जरा तिकडे वळवला, धार पत्र्यावर पडली, तसा तो गळा धरून मागे झाला. नदीत म्हशींबरोबर गळ्याइतक्या पाण्यात उभा राहणारा माणूस पाण्याच्या नुसत्या आवाजाने भिंतीला टेकला होता. “बंद कर गं,” असं तो पुन्हा म्हणाला, आणि मला मुके म्हणाला नाही. वैनी चहाचा कप घेऊन आल्या होत्या. त्याने कपाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

ज्या फाटकाशी तो गाडी लावून बसायचा, त्याच फाटकातून त्याला आत नेलं. डॉक्टरणीने शर्टाची उजवी बाही वर सारली. कोपरापर्यंत म्हशीच्या दाढांचे जुने ओरखडे. कांडं अडकलंय म्हणून त्याने सबंध हात हरणीच्या घशात घातला होता. वैनींनी ते पाहिलं होतं. म्हणूनच त्यांनी तेव्हा त्याला सुई घेतली का म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं होतं, आणि त्याने त्यांना पट्टी दाखवली होती.

वैनी खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, “खाजगीत घेतली म्हणालासा की.”

“न्हाई घेतली.”

“का वो?”

तो वैनींकडे असा बघत राहिला, जसं काही त्यांनी फार खुळ्यासारखं विचारलं. मग म्हणाला, “हरणी मला काय करंल?”

लोक तिला परके, म्हणून त्यांना सुई. मी परकी, म्हणून मला सगळ्यांच्या आधी सुई. हा एकटा तिचा. ज्यांना फारशी भीती नव्हती त्यांना गाडीवर बसवून नेलं, आणि ज्याला सुई पाहिजेच होती तो बाहेर बिस्कीट खात बसला. असा मूर्ख माणूस मी दुसरा बघितला नाही. दोन दिवसांत गेला.

गोठ्यातल्या कोनाड्यात हरणीच्या तोड्यांशेजारी चिकटपट्टीची गुंडाळी सापडली. ती मी वैनींच्या हातात दिली. त्यांनी तोडे ठेवले आणि गुंडाळी चुलीत टाकली.

वैनींनी म्हशी विकल्या नाहीत. आता संध्याकाळी त्या कट्ट्यावर शेगडी घेऊन बसतात आणि दूध तापवून देतात. मास्तर रोज येतात, फुंकर मारत पितात.

गोठा अजून मीच धुते. पाइपचं तोंड जमिनीला टेकवून धरते, धारेचा आवाज होऊ देत नाही. परवा वैनी म्हणाल्या, “आता कुणाला तरास हाय गं पाण्याचा?”

मी काही बोलले नाही. मुकीच ना मी.