कोटाची मागची बाजू

"अगं, जी बाई जगात नाहीच, तिचे झगे तू अख्ख्या गल्लीला घालत सुटलीस!"

"मग? गल्ली आहे ना जगात?"

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं तेव्हा भांडी घासता घासता माझा हात थांबला. भिंत म्हणायची म्हणून भिंत, तिकडे सुई पडली तर इकडे कळायचं. आणि तिकडे सुया पुष्कळ पडायच्या, कारण नवरा-बायको दोघंही शिवणकाम करणारी. नवरा शाळांचे, कारखान्यांचे गणवेश शिवायचा, त्यांना सगळे मास्तर म्हणत. बायको शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवायची.

त्या वर्षी टीव्हीवर एका वकीलबाईची मालिका लागायची. उभी कॉलर, फुगीर बाही आणि कपाळावर एक बट. आम्हा सगळ्यांना तिचं वेड लागलेलं. बट तर मीसुद्धा कापून घेतली होती. आमचे हे म्हणाले, गाय चाटून गेली वाटतं. पण कॉलर-बाहीचा झगा शिवायला सगळ्या भिंतीपलीकडेच जायच्या, आणि मास्तरांना तेच खुपत होतं.

"सगळ्याजणींना एकसारखंच दिसायचंय ना," ते म्हणाले, "मग माझ्या गणवेशाने काय घोडं मारलंय?"

"तुमचा गणवेश पुढून-मागून सारखा. माझं फक्त पुढून सारखं असतं."

"आणि मागून?"

"मागून जिचं तिचं."

मास्तर "हं" म्हणाले आणि मशीन जोरात चालवायला लागले. हरलेला माणूस मशीन जोरात चालवतो.

त्याचं काय व्हायचं, की मालिकेतली बाई कायम आपल्याकडे तोंड करून. रडली तरी इकडे बघून, रागावून निघाली तरी दारातून इकडे बघून. तिची पाठ काही दिसायची नाही. शेजारीण गळ्यात टेप अडकवून टीव्हीपुढे बसायची आणि ओरडायची, "वळ गं बाई, वळ एकदा!" कपडे घालून बघायला गेलं की आम्हालाही तेच, "वळ." आमची मुलं तिला वळकाकू म्हणायला लागली. मग मीही.

वकीलबाई वळली नाही म्हणून पाठ वळकाकूला आपल्या मनाने शिवावी लागायची. एकटी राहणारी एक नर्स होती, मागची चेन लावून द्यायला तिला घरात कोणी नाही. तिचे हूक काखेखाली लपवले. टपाल वाटणाऱ्या बाईचा एक खांदा पिशवीने उतरला होता, त्या खांद्यात आतून गादी घातली. माझं धाकटं अंगावर पीत होतं, तर माझ्या फुगीर बाहीच्या झग्याला अशा जागी बटणं आली की वकीलबाई लाजली असती. समोरून बघा तर आम्ही सगळ्या कोर्टात निघालेल्या.

"आपली पाठ आपल्याला दिसत नाही," ती तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायची. "म्हणून शिवणारीने बघायची."

मग वकीलबाई संपली, दुसऱ्या आल्या, त्याही संपल्या. आमच्या बटा पांढऱ्या झाल्या.

आणि एक दिवस मास्तरांचा उजवा हात गेला. झटका आला तो त्या एका अंगावर. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण हात नुसता लोंबायचा. डॉक्टर म्हणाले, रोज बाहेर बसवा, माणसांत न्या, नाहीतर सगळंच आखडेल. पण बाहेर जायचं तर सदरा घालायला हवा. एकीकडून वळकाकू, दुसरीकडून सून, मधे मास्तर, आणि तो हात काही बाहीत जाईना. दुखायचं म्हणून ओरडायचे, आणि ओरडले म्हणून शरमायचे. जन्मभर इस्त्रीच्या कपड्यांशिवाय दारात न आलेला माणूस तो. शेवटी म्हणाले, "मला बाहुल्यासारखं कपडे घालणं बंद करा. मी कुठे जात नाही." अंगावर चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. ती माझी भिंत. मला त्यांचं खोकणंही कळायचं आणि गप्प पडून राहणंही.

वळकाकू माझ्याकडे येऊन बसायची. एकदा म्हणाली, "असेच जातील गं, भिंतीकडे बघत."

त्यांची नात तेव्हा कॉलेजात. हल्लीच्या पोरांचे मेळे असतात म्हणे. आपल्या आवडत्या गोष्टीतलं पात्र व्हायचं, तसे कपडे, तसे केस, आणि दिवसभर एकमेकांचे फोटो काढत हिंडायचं. आम्ही नुसती बट कापली होती, ही पोरं डोक्यावर निळे केस चढवतात. नातीला एक गुप्तहेर व्हायचं होतं. पूर्वी मास्तरांच्या तरुणपणी त्याची मालिका होती, आता त्याचं नवं कार्टून निघालं होतं. लांब कोट, मोठी कॉलर, खिसेच खिसे.

मी तिथेच बसले होते. वळकाकूने फोन डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "ह्याची पाठ दाखव."

"आजी, पाठ कुठेच नाहीये. सगळी चित्रं समोरूनच."

"मागे कंबरेपासून खाली चीर आहे," खाटेवरून आवाज आला. "धावायचा तेव्हा उघडायची. आत गडद अस्तर होतं."

आम्ही तिघी वळून बघायला लागलो. मास्तरांचं तोंड अजून भिंतीकडेच.

"तुम्हाला हो काय ठाऊक?" वळकाकू म्हणाली. "तुम्ही तर पेपर वाचत बसायचा!"

"पेपर वाचताना कान-डोळे काढून ठेवतात का?"

"अय्या, आजोबा, तुम्ही त्याचे फॅन!" नात म्हणाली.

"गप्प बस," मास्तर म्हणाले, पण कान लाल झालेले मला मागूनही दिसले.

दुसऱ्या दिवशी वळकाकूने एकाऐवजी दोन कोटांचं कापड आणलं.

पहिला कोट नातीचा, मागे चीर, गडद अस्तर, मास्तरांनी सांगितलं तसा. दुसऱ्याला कॉलर तीच, खिसे तेच, पुढे बटणांची रांग तीच, पण बटणं नुसती शोभेची, पुढचं सगळं शिवून बंद. उघडा होता तो मागून, मानेपासून खालपर्यंत. तिने मास्तरांना खुर्चीत बसवलं, कोट समोरून धरला, लुळा हात हळूच रुंद बाहीत सरकवला, मग दुसरा. मागचे दोन पल्ले एकावर एक घेतले आणि बाजूला दोन बंद बांधले. ओढाताण नाही, ओरडणं नाही. मास्तरांना कळायच्या आत कोट अंगावर होता.

त्यांनी डाव्या हाताने कॉलर चाचपली. "मागे काय केलंयस?"

"ते मी बघते. तुम्ही पुढचं बघा."

मी आरसा धरला. मास्तरांनी कॉलरपासून खिशांपर्यंत सगळं बघितलं. मग म्हणाले, "दुसऱ्या खिशाची टीप वाकडी आहे."

वळकाकूने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय करत होती, मी विचारलं नाही.

मेळ्याला आम्ही सगळेच गेलो, मास्तर चाकाच्या खुर्चीत. मोठा हॉल, निळी डोकी, लाल डोकी, कोणाला पंख, कोणाला शेपूट. आणि तेच गुप्तहेराचे कोट घातलेली पाच-सहा पोरं. एक धावत आला, "आजोबा, कसला भारी कोट! कुठून घेतला?"

"घेतला नाही," मास्तर म्हणाले. "आमच्या घरी शिवतात."

मग त्या सगळ्या कोटांवरून नजर फिरवून बायकोला म्हणाले, "बघ. शेवटी गणवेशच."

"पुढून," वळकाकू म्हणाली.

त्या दिवसापासून मास्तर रोज कोट घालून दारात बसायचे. सगळ्या गल्लीला हाका मारायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिवणीतल्या चुका काढायचे. गेले तेव्हाही भिंतीकडे बघत गेले नाहीत. संध्याकाळी दारातल्या खुर्चीतच डोळे मिटले.

त्यांच्यानंतर वळकाकू पुष्कळ जगली आणि शिवत राहिली. आजाऱ्यांचे, आखडलेल्या हातांचे, आणि पोरांच्या पंखांचे, शेपटांचेही. कपडे मात्र स्वतःच पोचवायची. नातीला पाठव म्हटलं तर म्हणे, "ती पाठ बघत नाही."

गेली त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. माझा खांदा तेव्हा आखडलेला, हात वर जात नव्हता. त्यात सध्याच्या मालिकेतल्या राणीचा तिरपा गळा मला फार आवडला होता. मी ते बोललेही नव्हते, तरी पिशवीतून त्याच गळ्याचा झगा निघाला.

"अगं, या वयात?" मी म्हटलं.

"राणीचं वय कोणी सांगितलंय? घाल."

मी घातला. हात वर न्यावाच लागला नाही.

"वळ."

मी वळले. तिने खांद्यावरचा लोंबता दोरा दाताने तोडला, पाठीवरून सपकन हात फिरवून सुरकुती काढली आणि पिशवीची घडी केली.

"पहिल्या धुण्याला गरम पाणी घालू नकोस," म्हणाली, आणि दुसरी पिशवी उचलून वरच्या मजल्यावरच्या बाईकडे गेली. जिन्यातून मला ऐकू आलं, दार उघडलं, ती "वळ" म्हणाली, आणि वर कोणीतरी वळलं.