पासपोर्टसाठी उघडं केलेलं डोकं

नात व्हिसाचा फॉर्म भरत होती. "आबा, फोटोत डोकं उघडं पाहिजे म्हणतेत," असं ती सहज म्हणाली, आणि मला लातूरचा तो स्टुडिओ आठवला.

लातूर तवा नुकतंच जिल्हा झालं होतं. आमच्या चाकूरकडं विहिरींचे तळ दिसत होते. मला मस्कतला गवंडीकामाचा व्हिसा मिळणार होता, पण पासपोर्टचा फोटो त्याच दिवशी एजंटाला द्यायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. फोटोवाला म्हणाला, "डोक्याचा रुमाल काढा."

"बाप मेल्यावर डोकं उघडं करतेत. माझा बाप जिता हाय. न्हाई काढणार."

"मग मस्कतला रुमालच धाडा, पाव्हणं."

मी तडक उठलो. माझे वडील, दादा, बाहेर बाकड्यावर बसून ऐकत होते. ते आत आले, मला परत खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या हातानं माझा रुमाल उतरवला. "मी जिता हाय न्हवं? मीच काढायलोय. आता कशाचा आलाय अपशकुन?"

घामेजल्या डोक्याला पंख्याचा गार वारा लागला आणि छातीवरचं ओझं उतरलं.

दादा कॅमेऱ्यामागं उभे राहिले, तर त्यांनी आपलाही रुमाल काढलेला. तवा मला वाटलं, उकडत असेल. आज कळतंय, माझं एकट्याचं डोकं उघडं राहू नये म्हणून ते तसे उभे होते.